प्रवासी चहासंच

प्रवासी चहासंच म्हणजे चहा करण्यासाठी व पिण्यासाठी लागणारी भांडी एकाच पेटीत, टोपलीत किंवा चामडी खोक्यात बसवून प्रवासात नेता येईल असा संच. किटली, स्पिरिटचा दिवा, चहापत्ती व साखरेचे डबे, दुधाची बाटली, कपबश्या आणि चमचे हे त्याचे नेहमीचे घटक होत. याच रचनेवर मद्यमिश्रणासाठी, म्हणजे कॉकटेलसाठी, बनवलेल्या संचास प्रवासी मद्यसंच म्हणतात. असे संच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठ्या प्रमाणावर तयार होत होते. थर्मास, कागदी व प्लॅस्टिकचे पेले आणि रस्तोरस्ती मिळणारा तयार चहा यांमुळे त्यांचा वापर ओसरला. त्यानंतर जुन्या बाजारांतून सुटी भांडी शोधून त्यांचा नवा संच जुळवणे हा संग्राहकांचा छंद बनला. महाराष्ट्रात मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार ही अशा शोधाची प्रमुख ठिकाणे आहेत.

नाव व व्याप्ती

इंग्रजी अमदानीत अशा संचाला ‘टी बास्केट’ म्हणत. मराठीत त्यासाठी एकच रूढ शब्द नाही. चहाची टोपली, चहाची पेटी, सहलीचा संच असे शब्द प्रसंगानुसार वापरले जातात. संग्राहक या वस्तूंचे दोन वर्ग करतात. एकाच निर्मात्याने एकाच वेळी बनवलेला आणि सर्व भांडी मूळची असलेला तो मूळ संच. वेगवेगळ्या काळांतील व ठिकाणची भांडी एकत्र करून तयार केलेला तो जुळवलेला संच. किंमत, नोंद व जतन या तिन्ही बाबतींत हा फरक महत्त्वाचा मानला जातो.

इतिहास

पूर्वपीठिका

खाण्यापिण्याचे साहित्य आटोपशीर बांधून नेण्याची रीत भारतात जुनी आहे. महाराष्ट्रातील प्रवासी फिरकीचा तांब्या बरोबर ठेवीत. पितळेच्या किंवा तांब्याच्या या तांब्याला आट्यांचे झाकण असल्यामुळे बैलगाडीत वा घोड्यावरही पाणी सांडत नसे. पान, सुपारी, चुना व कात यांसाठी अनेक कप्प्यांची कापडी चंची असे आणि घरी तेच साहित्य कप्पे असलेल्या पानदानात ठेवत. सह्याद्रीच्या डोंगरी भागात वाळवून पोकळ केलेल्या भोपळ्याचा तुंबा पाणी नेण्यासाठी वापरला जाई. कप्प्यांची मांडणी, घट्ट झाकण आणि कमी वजन ही प्रवासी चहासंचाची तिन्ही तत्त्वे या वस्तूंत आधीपासून दिसतात.

चीन व जपानमध्येही चहाचे साहित्य प्रवासात नेण्याची परंपरा होती. जपानमधील ‘चाबाको’ ही चहाच्या विधीचे साहित्य मावणारी लाकडी पेटी आजही वापरात आहे. बाइसाओ (१६७५–१७६३) या नावाने ओळखला जाणारा भिक्षू क्योतोमध्ये चहाचे साहित्य स्वतः वाहून नेऊन निसर्गरम्य ठिकाणी चहा विकत असे.

रेल्वे आणि चहाची टोपली

युरोपीय पद्धतीच्या प्रवासी चहासंचाचा प्रसार रेल्वेमुळे झाला. आरंभीच्या गाड्यांत भोजनाचे डबे नव्हते आणि स्थानकांवरील थांबे अल्प असत. ब्रिटनमध्ये १८७० च्या दशकात स्थानकांवर जेवणाच्या टोपल्या भाड्याने मिळू लागल्या आणि पुढे चहाच्या टोपल्याही आल्या. स्वतःची टोपली बाळगणाऱ्यांसाठी लंडनमधील ड्र्यू अँड सन्स, जी. डब्ल्यू. स्कॉट अँड सन्स यांसारख्या कंपन्या वेताच्या टोपल्यांत बसवलेले संच बनवीत. ड्र्यू यांचा ‘आँ रूत’ या नावाचा संच विशेष प्रसिद्ध होता. फ्रेंच भाषेत या शब्दांचा अर्थ ‘वाटेत’ असा होतो.

या संचांमागे काही तांत्रिक शोध होते. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने १८४० मध्ये विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा देण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. त्यामुळे चांदीसारखी दिसणारी भांडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये निर्वात बाटली तयार केली आणि १९०४ मध्ये जर्मनीत ‘थर्मॉस’ या नावाने तिचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये शोधलेले बेकेलाइट आणि त्यानंतरची कृत्रिम रेझिने यांमुळे १९२० च्या दशकापासून हलके, रंगीत व न फुटणारे पेले व बश्या संचांत दिसू लागल्या. गंमत अशी की थर्मासमुळे वाटेत पाणी उकळण्याची गरजच उरली नाही आणि स्पिरिटचा दिवा हळूहळू संचातून नाहीसा झाला.

प्रवासी मद्यसंच

‘कॉकटेल’ या शब्दाची पहिली ज्ञात मुद्रित व्याख्या १८०६ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या एका वृत्तपत्रात आढळते. त्याहून जुने मिश्रपेय म्हणजे ‘पंच’. ते सतराव्या शतकात भारतात आलेल्या युरोपीय व्यापाऱ्यांमध्ये प्रचलित होते. मद्य, साखर, लिंबू, पाणी व मसाला या पाच घटकांवरून भारतीय भाषांतील ‘पाच’ किंवा ‘पंच’ या शब्दापासून त्याचे नाव आले, असे सामान्यतः मानले जाते.

अंगचीच गाळणी व टोपण असलेल्या तीन भागांच्या शेकरचे एकस्व १८८४ मध्ये अमेरिकेत नोंदवले गेले. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती. त्या काळात आणि त्यानंतर लगेच छोट्या पेट्यांतील मद्यसंचांना मागणी वाढली. जर्मन कारखान्यांनी एकात एक बसणारे पेले, माप, गाळणी व बाटल्या असलेले संच बनवले आणि काहींना विमानाचा किंवा झेपेलिन वायुयानाचा आकार दिला. मुंबईत ताजमहाल हॉटेलमधील हार्बर बार १९३३ मध्ये सुरू झाला. मुंबई राज्यात १९५० पासून पूर्ण दारूबंदी लागू झाल्यावर घरोघरचे मद्यसंच अडगळीत गेले. तेव्हा बाजूला पडलेली मापे, शेकर व बाटल्या पुढील दशकांत जुन्या बाजारांत येत राहिल्या.

महाराष्ट्रातील चहा आणि कपबशी

पश्चिम भारतात चहा युरोपीय व पारशी घरांतून इतरत्र पसरला. चीनशी व्यापार करणाऱ्या मुंबईतील पारशी कुटुंबांत चिनी मातीची भांडी मोठ्या प्रमाणावर होती. हिंदू समाजात मात्र कोणाच्या हातचा चहा कोणत्या कपातून प्यावा हा दीर्घकाळ सोवळ्याओवळ्याचा प्रश्न होता. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये झालेल्या एका कार्यक्रमात उपस्थितांना चहा-बिस्किटे देण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे पुणे वैभव या पत्रात प्रसिद्ध करविली. त्यांत बाळ गंगाधर टिळक व महादेव गोविंद रानडे यांचा समावेश होता. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि पुढे टिळक, रानडे यांच्यासह अनेकांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. हे प्रकरण ‘पंचहौद मिशन चहा प्रकरण’ किंवा ‘ग्रामण्य प्रकरण’ म्हणून ओळखले जाते.

या पार्श्वभूमीवर स्वतःची भांडी बरोबर नेणे ही केवळ चैनीची बाब नव्हती. इंग्रज अधिकाऱ्याची वेताची टोपली व सोवळे पाळणाऱ्या गृहस्थाचा फिरकीचा तांब्या या दोन्ही वस्तू वाटेत मिळणाऱ्या पाण्यावर व पात्रावर विश्वास नसल्याचेच द्योतक होत्या. कारणे तेवढी भिन्न होती. विसाव्या शतकात इराणी हॉटेले, कामगारवस्तीतील चहाची दुकाने आणि चहाकंपन्यांचा प्रचार यांमुळे चहा सर्वसामान्यांचे पेय झाला. तरीही अनेक हॉटेलांत दलितांसाठी वेगळे कप ठेवण्याची प्रथा दीर्घकाळ टिकून राहिली. जुन्या कपबशीकडे पाहताना हा सामाजिक इतिहास विसरता येत नाही.

भोर घाट, ठाकुरवाडी आणि माथेरान

रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुके प्रवासी चहासंचाच्या वापराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. मुंबईहून येणारा लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आला आणि खंडाळा ते पुणे मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. भोर घाटातील मार्ग १८६३ मध्ये खुला होईपर्यंत प्रवाशांना मधला चढ पालखी, तट्टू किंवा गाडीने पार करावा लागे. या टप्प्यात सामान आटोपशीर असणे अत्यावश्यक होते.

घाटातील लोहमार्गाचा सर्वांत तीव्र चढ १:३७ इतका आहे. पळसदरीनंतर जांब्रुंग, ठाकुरवाडी, नागनाथ व मंकी हिल ही ठाणी पार करून मार्ग खंडाळ्यास पोहोचतो. ठाकुरवाडी हे यांतील तांत्रिक ठाणे असून तेथे प्रवासी चढ-उतारासाठी नियमित थांबा नाही. ठाकूर आदिवासींच्या वस्तीला ठाकूरवाडी म्हणण्याची रीत असल्याने या नावाच्या अनेक वाड्या कर्जत व खालापूर परिसरात आहेत. घाट चढण्यासाठी कर्जत येथे गाडीला मागून जादा इंजिने जोडली जातात. त्यासाठी गाडी काही वेळ थांबत असल्यामुळे कर्जतचा चहा व बटाटेवडा प्रसिद्ध झाला. १९२९ मध्ये खंडाळ्याजवळची गाडी उलट फिरवण्याची जुनी व्यवस्था नव्या मार्गामुळे बंद झाली आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली. या गाडीतील उपाहार डब्यामुळे मुंबई–पुणे प्रवासात स्वतःचा चहासंच नेण्याचे कारण बहुतेकांपुरते संपले.

कर्जत तालुक्यातील माथेरानची स्थिती वेगळी राहिली. ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी मे १८५० मध्ये हे ठिकाण पाहिले आणि पुढे तेथे इंग्रज व पारशी कुटुंबांचे बंगले उभे राहिले. नेरळ–माथेरान ही अरुंदमापी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. गावात मोटारींना बंदी असल्याने पॅनोरमा, लुईझा, एको यांसारख्या पॉइंटांवर पायी, घोड्यावरून वा हातरिक्षातून जावे लागे. बरोबरचे सामान हमाल वाहत. पेटीचे वजन किती आणि ते कोण वाहणार हा प्रश्न येथे प्रत्यक्ष होता. संचाच्या जुन्या छायाचित्रांत टोपलीभोवती बसलेली मंडळी दिसतात. ती टोपली डोंगरावर आणणारा क्वचितच दिसतो.

घटक

चार माणसांच्या सर्वसाधारण चहासंचात पुढील वस्तू असतात.

पेटी: वेताची टोपली, चामड्याने मढवलेली लाकडी पेटी किंवा पत्र्याची ट्रंक. आत पट्टे, खाचा किंवा कप्पे असतात.

किटली व दिवा: तांब्याची, मुलाम्याची किंवा एनॅमलची लहान किटली, तिच्याखाली वात असलेला स्पिरिटचा दिवा व वारा अडवणारे कडे.

डबे: चहापत्ती व साखरेसाठी घट्ट झाकणाचे डबे, लोण्यासाठी चिनी मातीची झाकणी असलेले भांडे.

दुधाची बाटली: वेताचे आवरण असलेली काचेची बाटली. बूच बहुधा नष्ट झालेले असते.

कपबश्या: चिनी मातीच्या, एनॅमलच्या किंवा रेझिनच्या.

मद्यसंचात यांऐवजी शेकर, बर्फाचा चिमटा, गाळणी, लांब दांड्याचा चमचा, बूच काढण्याचा स्क्रू, एकात एक बसणारे पेले आणि पेगचे माप असते. भारतात लहान पेग ३० मिलिलिटर व मोठा पेग ६० मिलिलिटर धरला जातो. जुन्या इंग्रजी मापांवर औंसाच्या खुणा असतात आणि त्या या आकड्यांशी तंतोतंत जुळत नाहीत.

जुन्या वस्तू मिळण्याची ठिकाणे

दक्षिण मुंबईतील चोर बाजार हा भेंडी बाजाराजवळील मटन स्ट्रीट व आसपासच्या गल्ल्यांत भरतो. ‘शोर बाजार’ या नावाचा अपभ्रंश होऊन हे नाव पडले, अशी लोकप्रिय व्युत्पत्ती सांगितली जाते. शुक्रवारी नेहमीची दुकाने बंद असतात व रस्त्यावर जुन्या वस्तूंचा बाजार मांडला जातो. पुण्यात मंगळवार पेठेतील जुना बाजार बुधवारी व रविवारी भरतो. याशिवाय भंगारवाले, बंगल्यांतील सामानाचे लिलाव, जुन्या कपड्यांवर नवी भांडी देणारे बोहारी व मोडीची भांडी घेणारे दुकानदार यांच्यामार्फतही वस्तू मिळतात. तांब्या-पितळेची पुष्कळ भांडी मोडीत वजनावर विकली जाऊन वितळवली जातात. म्हणून सुटे झाकण किंवा एकटी किटली वाचवणे हेही काही संग्राहक महत्त्वाचे मानतात.

संच जुळवण्याची पद्धत

अनुभवी संग्राहक प्रथम पेटी निवडतात आणि तिच्या आतल्या मापावरून भांडी शोधतात. आधी भांडी घेऊन पेटी शोधणे अवघड जाते. पेटीची आतली लांबी, रुंदी व झाकण मिटल्यावरची उंची टिपून ठेवली जाते. किटलीची चोच व कपांचे कान ही जागा अडवणारी स्थाने असल्याने कान नसलेले पेले किंवा एकात एक बसणारे कप सोयीचे ठरतात.

वजनाचा हिशेब सुरुवातीलाच करावा लागतो. १५० मिलिलिटरच्या चार कपांसाठी सुमारे ६०० मिलिलिटर पाणी लागते आणि दुसरा फेरा धरला तर पाण्याचेच वजन सव्वा किलो होते. जड भांडी पेटीच्या तळाशी व मुठीच्या बाजूला, नाजूक भांडी मध्यभागी ठेवतात. स्पिरिटची बाटली चहापत्तीपासून दूर, वेगळ्या कप्प्यात असावी लागते, कारण चहा इतर वास चटकन शोषून घेतो. भांडी एकमेकांवर आपटू नयेत म्हणून जुनी सुती साडी किंवा धुतलेले मांजरपाट उपयोगी पडते. वर्तमानपत्राच्या कागदाने चांदी काळवंडते व शाईही लागते.

सर्व भांडी एकाच नक्षीची असावीत असा आग्रह धरल्यास संच क्वचितच पूर्ण होतो. त्याऐवजी काळ, धातू किंवा वापर यांपैकी एक धागा ठरवून निवड केली जाते. उदाहरणार्थ, पत्र्याची ट्रंक, एनॅमलची किटली व कप, पितळी डबे आणि फिरकीचा तांब्या असा संच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी मध्यमवर्गीय घराशी सुसंगत दिसतो. त्यात बदललेला प्रत्येक भाग, खरेदीचे ठिकाण, दिनांक व केलेली दुरुस्ती यांची नोंद पेटीतच ठेवण्याची शिफारस केली जाते.

काळ व मूळ ओळखणे

भांड्याच्या तळावरील खुणा ही ओळखीची पहिली पायरी आहे.

‘ई.पी.एन.एस.’ ही अक्षरे म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेने दिलेला चांदीचा मुलामा. निकेल सिल्व्हर किंवा जर्मन सिल्व्हर या धातूत चांदी नसते. तो तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू आहे. मराठी बोलीत ‘जर्मनचे भांडे’ म्हणजे मात्र ॲल्युमिनियमचे भांडे, त्यामुळे खरेदीत गोंधळ होतो.

‘ई.पी.बी.एम.’ म्हणजे ब्रिटानिया धातूवरील मुलामा. कथील, अँटिमनी व तांबे यांचा हा मिश्रधातू मऊ असून कमी तापमानाला वितळतो.

इंग्लंडमधील खऱ्या चांदीवर चालत्या सिंहाची खूण, तपासणी कार्यालयाचे चिन्ह व वर्षदर्शक अक्षर असते. बर्मिंगहॅमचे चिन्ह नांगर आहे.

‘ओ.एम.’ ही खूण कच्छमधील भूज येथील कारागीर ओमरसी मावजी यांच्या चांदीकामावर आढळते. त्यांचे चहासंच नक्षीकामासाठी प्रसिद्ध आहेत.

चिनी मातीच्या भांड्यावर देशाचे नाव असल्यास ते सामान्यतः १८९१ नंतरचे असते, कारण अमेरिकेच्या आयात कायद्याने ते बंधनकारक केले. ‘निप्पोन’ ही खूण साधारण १८९१ ते १९२१ या काळातील जपानी मालावर, तर ‘व्याप्त जपान’ या अर्थाची इंग्रजी खूण दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंतच्या मालावर दिसते.

‘आर.डी.’ या अक्षरांपुढील क्रमांक १८८४ पासूनची ब्रिटिश नक्षीनोंदणी दर्शवतो. तो नक्षी नोंदवल्याचा काळ सांगतो. भांडे त्यानंतर कितीही वर्षांनी बनलेले असू शकते.

खुणा नकली असू शकतात. झाकणाच्या आट्यांची झीज, पट्ट्याच्या भोकांचे ताणलेपण, अस्तरावर उमटलेला भांड्याचा ठसा यांवरून भांडे मूळचे त्याच पेटीतले आहे की नाही हे अधिक खात्रीने कळते. अस्तरावरील ठसा एका आकाराचा व भांडे दुसऱ्या आकाराचे असल्यास संच जुळवलेला समजावा.

वापरातील धोके

जुना संच दिसायला सुस्थितीत असला तरी खाण्यापिण्यासाठी सुरक्षित असेलच असे नाही.

तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कल्हई नसल्यास लिंबू, दही यांसारख्या आंबट पदार्थांत तांबे उतरते. मद्यसंचातील लिंबूरसासाठी अशी भांडी वापरू नयेत. कल्हईसाठी भांडे तापवून नवसागराने स्वच्छ करतात व त्यावर शुद्ध कथलाचा पातळ थर देतात. कथलात शिसे मिसळलेले असल्यास कल्हईच अपायकारक ठरते. जुने डाग व सांधे यांतही शिसे असण्याची शक्यता असते. तडे गेलेल्या किंवा नक्षी झिजलेल्या जुन्या चिनी मातीच्या भांड्यांतून रंगातील शिसे व कॅडमियम उतरू शकते. पारंपरिक शिसेयुक्त स्फटिककाचेत २४ टक्के किंवा अधिक लेड ऑक्साइड असते. अशा पेल्यातून क्वचित पिणे व अशा बाटलीत मद्य महिनोन्महिने साठवणे यांत मोठा फरक आहे. दुसरी गोष्ट टाळावी.

स्पिरिटच्या दिव्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. तापलेल्या दिव्यात इंधन भरल्यास भडका उडतो. काही जुन्या दिव्यांच्या तळाशी ॲस्बेस्टॉसची चकती असते. ती खरवडू नये. जळणाच्या विकृत स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकते आणि ते प्यायल्यास अंधत्व किंवा मृत्यू ओढवतो. त्यामुळे मद्यसंचातील बाटल्या स्पिरिटसाठी किंवा स्पिरिटच्या बाटल्या मद्यासाठी कधीही वापरू नयेत. सह्याद्रीत फेब्रुवारी ते मे या महिन्यांत गवत वाळलेले असते. उघड्या ज्योतीमुळे वणवा लागण्याचा धोका असल्याने डोंगरावर थर्मासमधून नेलेला चहाच योग्य ठरतो.

जतन

कोकण व घाटमाथ्यावरील पावसाळी दमट हवा हा चामडे, वेत व लाकूड यांचा मुख्य शत्रू आहे. चामडी पेटीवर बुरशी आल्यास ती कोरड्या मऊ ब्रशने उघड्यावर झटकतात आणि पेटी सावलीत वाऱ्यावर ठेवतात. उन्हात तापवल्यास चामडे तडकते. पावसाळ्यात पेटीचे झाकण घट्ट न लावता मधूनमधून उघडावे. वेताला पोखरणाऱ्या किड्यांची खूण म्हणजे टोपलीखाली पडणारा बारीक भुगा.

मुलाम्याच्या भांड्यांना वारंवार पॉलिश केल्यास चांदीचा थर झिजून आतला पिवळसर धातू उघडा पडतो. साधा साबण, कोमट पाणी व मऊ फडके पुरेसे असते. चिंच किंवा पितांबरीसारखी पूड पितळेच्या रोजच्या भांड्यांना चालते, परंतु जुन्या नक्षीला व मुलाम्याला अपायकारक ठरू शकते. रबरी पट्ट्यांतील गंधकाने चांदीवर काळे वळ उठतात. नष्ट झालेले बूच, वात व पट्टे नवे बसवता येतात, कारण ते मूळातच बदलण्यासाठी होते. याउलट कोरलेली आद्याक्षरे घासून काढणे, दबलेले भांडे ठोकून सरळ करणे किंवा जुन्या मुलाम्यावर नवा मुलामा देणे यांमुळे वस्तूची ऐतिहासिक ओळख पुसली जाते.

कायदेशीर बाबी

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. त्यानुसार किमान १०० वर्षे जुनी, ऐतिहासिक वा कलात्मक महत्त्वाची वस्तू ‘पुरावस्तू’ ठरू शकते. पुरावस्तूंचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो व खासगी व्यक्तीस त्यांची निर्यात करता येत नाही. म्हणून परदेशी नेण्याच्या जुन्या वस्तूंबाबत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र घेतले जाते. १९२० च्या दशकातील अनेक संच आता ही शंभर वर्षांची मर्यादा ओलांडत आहेत. जुन्या बाजारातील वस्तूंचे पूर्वीचे मालक बहुधा अज्ञात असतात. चोरीची असल्याचे ठाऊक असताना वस्तू विकत घेणे गुन्हा असल्याने पावती व विक्रेत्याची नोंद ठेवणे हिताचे असते.

मद्यसंच बाळगण्यास बंदी नाही. मद्य बाळगणे, नेणे व पिणे मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याच्या अधीन आहे. या कायद्यातील काही तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये बलसारा खटल्यात रद्द केल्या. उर्वरित कायदा कायम राहिला. वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी लागू आहे.

संग्रहालये

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय हे दैनंदिन वापराच्या वस्तूंच्या संग्रहाचे महाराष्ट्रातील प्रमुख उदाहरण आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी सुमारे १९२० पासून दिवे, अडकित्ते, पानदाने, भांडी व वाद्ये गोळा केली आणि संग्रहाला आपल्या दिवंगत मुलाचे, राजाचे, नाव दिले. हा संग्रह त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्द केला. राजेरजवाड्यांच्या शस्त्रांइतकेच घरगुती भांड्यालाही ऐतिहासिक मोल आहे, ही दृष्टी त्यांच्या संग्रहाने रुजवली.

मतभेद

जुळवलेल्या संचांबाबत संग्राहकांत दोन मते आहेत. एका मतानुसार विखुरलेली भांडी एकत्र आणून वापरात ठेवणे हेच त्यांचे खरे जतन होय. अन्यथा ती मोडीत जाऊन वितळवली जातात. दुसऱ्या मतानुसार बाजारात चांगल्या सुट्या भागांना मिळणाऱ्या किमतीमुळे विक्रेते पूर्ण मूळ संच फोडून विकतात, आणि एकदा फुटलेला संच पुन्हा मूळ रूपात येत नाही. जुळवलेला संच मूळ म्हणून विकला जाणे ही यातील सर्वांत गंभीर तक्रार आहे. यावर दोन्ही बाजूंना मान्य असलेले संकेत तीन आहेत: पूर्ण मूळ संच फोडू नये, जुळवलेल्या संचाची ओळख स्पष्ट सांगावी आणि जोडलेला कोणताही भाग मूळ वस्तूला इजा न होता काढता येईल असा असावा.

हे सुद्धा पहा

चहा
चोर बाजार, मुंबई
भोर घाट
माथेरान
पंचहौद मिशन चहा प्रकरण
राजा दिनकर केळकर संग्रहालय
कल्हई